मदत हवी आहे: २६ जानेवारीला शहीद जवानांच्या घरच्या अवजारांना धार लावून द्यायची आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या बाजूला आमचं धार लावायचं छोटं दुकान आहे. वडील सायकलवर सहाण बांधून पेठांतून फिरायचे, तिथून हा धंदा सुरू झाला. आज एक ग्राइंडर, एक बफ (चकाकी आणायचं चाक) आणि पाण्याचे दगड आहेत. मी आणि हाताखाली एक पोरगा. शिंप्यांच्या कात्र्या, चपला करणाऱ्यांच्या रापी, घरच्या विळ्या, अडकित्ते, आणि उसाचा हंगाम लागला की कोयते, असं सगळं काम येतं.

येत्या २६ जानेवारीला जिल्ह्यातल्या वीरमाता, वीरपत्नी, वीरपिते यांच्या घरची जी काही अवजारं असतील त्यांना धार लावून, मुठी ठाकठीक करून द्यायचं ठरवलंय. पैसे घ्यायचे नाहीत आणि त्या दिवशी दुसरं कुणाचंही काम मशीनवर चढवायचं नाही. ऐन हंगामात कोयत्यांची रांग असते, तरी चालेल. आपल्याकडे शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावातच सैनिक आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगडकडे तर घराघरात फौजी. ज्या घरातलं माणूस परत आलं नाही, त्या घरची विळी तरी आपण नीट चालती ठेवावी, एवढंच मनात आहे.

हे पक्कं झालं ते आमच्याकडे येणाऱ्या एका आक्कांमुळे. त्यांचा मुलगा सुट्टीवर आला असताना त्यानं ट्रकच्या पाट्याचं लोखंड आणून गावच्या लोहाराकडून त्यांना खुरपं करून घेतलं होतं. पुढे त्याला सीमेवर वीरमरण आलं. मुठीवर त्यानंच गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी अजून तशीच आहे. पातं झिजून निम्म्यावर आलंय. आक्का दुसरं खुरपं घ्यायला तयार नाहीत, भांगलण त्याच खुरप्यानं करतात. प्रत्येक वेळी सांगतात, "धार लाव बाबा, पण लोखंड खाऊ नको."

तर पहिली अडचण त्या खुरप्याचीच. ग्राइंडर मिनिटाला २८०० फेऱ्यांचा आहे. नुसतं टेकवलं तरी ठिणग्या उडतात, म्हणजे तेवढं लोखंड गेलंच. शिवाय दगडाला लागून कडेला दोन खोल दाते पडलेत. ते पूर्ण काढायचे तर अख्खी कड मागं घ्यावी लागेल. कमीत कमी लोखंड घालवून हे कसं करावं?

दुसरं, बोलावणं कसं द्यावं? 'मोफत' असा फ्लेक्स लावला तर ती जाहिरात होते. त्या घरांवर आपण उपकार करतोय असंही कुणाला वाटता कामा नये. जवानाचा फोटो कोपऱ्यात आणि शुभेच्छुकांचे चेहरे मोठे असले फ्लेक्स चौकाचौकात बघून मला मनापासून त्रास होतो. ते आपल्याला करायचं नाही.

तिसरं, दुकानात नावांचा एक फलक लावून तो तिरंग्यानं झाकून एखाद्या वीरमातेच्या हस्ते उघडावा असा विचार आहे. यात नियमाचं काही आडवं येतं का? आणि नावांची खात्रीची यादी कुठं मिळेल?

जाणकारांनी कृपया सांगावं.

---

प्रतिसाद (टूलरूममध्ये काम करतो, उद्यमनगर)

दादा, दाते काढूच नका. भांगलणीला दोन दात्यांनी काही अडत नाही. वर्षानुवर्षं थोडी थोडी धार लागत जाईल तसे ते आपोआप निघतील. ग्राइंडर त्या खुरप्याच्या जवळही नेऊ नका. व्हाइसमध्ये दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये धरा. आधी बारीक कानस एका दिशेनं हलक्या हातानं मारून बघा. कानस नुसती घसरली तर पोलाद कडक आहे असं समजा आणि डायमंडची पट्टी वापरा. मग ४०० चा आणि त्यावर ८०० चा दगड (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), पाणी भरपूर. खुरप्याला एकाच बाजूनं २५ ते ३० अंशांचा कोन पुरे. मागची बाजू दगडावर सपाट ठेवून एकदा-दोनदा फिरवायची, बर, म्हणजे कडेला वळलेली लोखंडाची बारीक किनार, निघण्यापुरतीच. वस्तऱ्यासारखी धार करायला जाऊ नका. पातळ कड मातीत लगेच वळते, पुन्हा लावावी लागते आणि पुन्हा लोखंड जातं.

कोयते ग्राइंडरवर घ्यायला हरकत नाही, पण शेजारी पाण्याचा डबा ठेवून सारखे बुडवत राहा. कडेला पिवळसर झाक आली की सव्वादोनशे अंशांच्या आसपास गेलात. निळं पडलं तर तीनशेच्या घरात, म्हणजे तिथलं पाणी, पोलादाचा कडकपणा, उतरलं. तिथं धार टिकणार नाही.

मुठीची ट्यूब अजिबात काढू नका. काम करताना वरून कापड गुंडाळा, म्हणजे ओली होणार नाही. आणि शनिवारी संध्याकाळी मी दुकानात येतो, आपण दोघं मिळून करू.

---

प्रतिसाद (मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त, गडहिंग्लज)

जय हिंद. विचार फार चांगला आहे, पण दिवसाचं गणित बदला. २६ जानेवारीला सकाळी या घरच्यांना गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत झेंडावंदनाला मानानं बोलावतात. तो मान सोडून ते कोल्हापूरला कसे येतील? १५ जानेवारीला लष्कर दिन असतो. १९४९ साली त्या दिवशी करिअप्पा साहेबांनी, पहिल्या भारतीय लष्करप्रमुखांनी, लष्कराची सूत्रं हातात घेतली. त्या दिवसापासून अवजारं गोळा करा, २५ पर्यंत काम उरका आणि २६ ला झेंडावंदन झालं की स्वतः घरी पोहोचवा. त्यांनी तुमच्या दारात येण्यापेक्षा तुम्ही त्यांच्या दारात जाणं बरं. उपकाराचा प्रश्न तिथंच मिटतो.

यादीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा आणि काय करणार ते लेखी द्या. ते बहुधा आधी घरच्यांना विचारतील, आणि तसंच व्हायला हवं. फलकावर नाव घालण्याआधी प्रत्येक घराचा होकार घ्या. नावासोबत हुद्दा आणि पलटण बिनचूक लिहा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर पंचवीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, आणि तिथं गेलेले घरचे लोक आपल्या माणसाचं नाव बोटानं चाचपून वाचतात. तुमच्या फलकावर एक वेलांटी चुकली तरी त्या आईला ती दिसेल.

गडहिंग्लज भागातून गोळा करून आणायचं काम माझ्याकडे द्या. इथले माजी सैनिक मदतीला येतील.

---

प्रतिसाद (शिक्षिका, शाहूपुरी)

झेंड्याबद्दल सांगते, शाळेत दरवर्षी हे बघावं लागतं. २००२ च्या ध्वजसंहितेप्रमाणे पुतळा किंवा स्मारक झाकून अनावरण करायला तिरंगा वापरता येत नाही. तुम्ही साधं पांढरं कापड घ्या. झेंड्यावर काही लिहायचं नाही, टेबलावर अंथरायचा नाही, जाहिरातीत वापरायचा नाही. श्रद्धांजली म्हणून आपल्या मनानं अर्ध्यावरही उतरवायचा नाही, तो आदेश सरकार काढतं. दुकानावर सन्मानानं फडकवायला काहीच हरकत नाही. २०२२ पासून रात्रीही ठेवता येतो. फक्त प्लास्टिकचा आणू नका, आणि फाटला-मळला असेल तो तर मुळीच नको.

अजून एक सुचवते. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता स्वातंत्र्यलढ्यातल्या हुतात्म्यांसाठी देशभर दोन मिनिटं स्तब्धता पाळतात. त्या दोन मिनिटांत मशीन बंद ठेवा. तेव्हा दुकानात गिऱ्हाईक असेल, तेही उभं राहील.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं ठरलं. फ्लेक्स नाही, दुकानाचं नाव कुठंही नाही. १५ जानेवारीपासून अवजारं घ्यायची, २६ ला झेंडावंदन आणि जिलेबी झाली की गाडी काढून घरपोच द्यायची. एका दिवसात सगळे तालुके होणार नाहीत, उरलेल्या घरी दुसऱ्या दिवशी जाईन. फलक पांढऱ्या कापडानं झाकू, आणि ज्या घरांचा होकार येईल तेवढीच नावं घालू, मग ती चार असली तरी चालतील. सोमवारी सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज घेऊन जातो.

काका, गडहिंग्लजची अवजारं तुम्ही आणाल, तर प्रत्येकाला नावाची चिठ्ठी सुतळीनं बांधायला सांगा. विळ्या सगळ्या सारख्याच दिसतात, अदलाबदल व्हायला नको. मुठी बदलायच्या की नाहीत तेही चिठ्ठीवरच लिहून घ्या. न विचारता कुणाचीही मूठ बदलणार नाही.

शिरोळ आणि भुदरगडकडे अजून कुणी नाही. तिकडून १५ ते २० जानेवारीच्या दरम्यान कोल्हापूरला येणारं कुणी असेल तर कृपया इथं लिहा. अवजारं पोत्यात घालून एसटीनं आणता येतील, फक्त धारेला जाड कापड गुंडाळा. स्टँडवर मी स्वतः घ्यायला येईन.