पॉलिप आणि मेंदूची गाठ : योगायोग नव्हे
आतड्यातले पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढणारे मांसल कोंब) आणि मेंदूतली गाठ एकाच घरात म्हणजे निव्वळ योगायोग, असं वाटू शकतं. नेहमीच तसं नसतं. १९५९ मध्ये कॅनडातले सर्जन जाक तुर्को यांनी दोन भावंडांत हे दोन्ही एकत्र नोंदवलं; त्यांच्यावरून याला ‘तुर्को सिंड्रोम’ हे नाव पडलं. १९९५ मध्ये जनुकं तपासल्यावर कळलं, की त्या एका नावाखाली दोन वेगळे आजार आहेत. पेशींची वाढ आवरणारं एपीसी जनुक बिघडलं तर पॉलिप शेकडो, आणि गाठ बहुधा लहान मेंदूत, मेड्युलोब्लास्टोमा नावाचा कर्करोग. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी जनुकं बिघडली तर पॉलिप थोडे, पण ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाचा धोका. एपीसीवाल्या घरांतही मेंदूची गाठ शंभरात जेमतेम एकाला होते, तेव्हा घाबरू नका. पण मुलाला सकाळी डोकेदुखी, उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना घरातल्या पॉलिपबद्दल सांगा.