गाडी तपासणारा आणि दुरुस्त करणारा एकच असावा का?

चक्रधारी
टेक्सास राज्याने 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद केली. मोठ्या शहरांच्या काउंट्यांत धुराची तपासणी तेवढी उरली. तपासणी गेली, पण तिच्या जागी 7.50 डॉलरचं शुल्क मात्र आलं. मला हा उपाय चुकीचा वाटतो. लोकांचा विश्वास उडाला असेल तर तो तपासणीवरून नव्हे, तपासणाऱ्यावरून उडालाय.

गॅरेजवाल्याला तपासणीचा परवाना दिला की त्याच्यापुढे दोन मोह उभे राहतात. अनोळखी माणूस आला की चांगल्या ब्रेकमध्ये खोट काढायची आणि काम मिळवायचं. रोजचं गिऱ्हाईक आलं की झिजलेल्या टायरकडे काणाडोळा करायचा. आयर्लंडने 2000 साली तपासणी सुरू केली तीच दुरुस्तीपासून वेगळी ठेवून. भारतानेही स्वयंचलित चाचणी केंद्रांच्या 2021 च्या नियमांत दुरुस्ती, गाड्यांची विक्री आणि सुटे भाग या तिन्हींना मज्जाव केला. हीच अट सगळीकडे हवी.

पाना_पक्कड
मी गॅरेज चालवतो, त्यामुळे माझी बाजू उघड आहे. तरी सांगतो, दुखणं तुम्ही म्हणता तिथे नाही.

केंद्र कुठलं ते गाडीमालक निवडतो आणि पैसेही तोच देतो. जिथे गाड्या नापास होतात तिथली रांग महिन्याभरात कमी होते. निव्वळ तपासणी करणाऱ्यालाही गिऱ्हाईक हवंच असतं. उलट त्याला दुसरं उत्पन्नच नाही, म्हणून तो जास्त लवचिक होतो. धुराच्या चाचणीत अमेरिकेत चालणारा एक प्रकार बघा. नापास होणाऱ्या गाडीच्या नावावर चांगल्या गाडीच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतल्या संगणकाची माहिती वाचायच्या जोडणीला, यंत्र जोडायचं आणि प्रमाणपत्र छापायचं. याला दुरुस्तीचा गाळा लागतो कुठे? हे पकडलं जातं ते आकडेवारीवरून. वेगवेगळ्या गाड्यांच्या नोंदींत एकाच गाडीच्या संगणकाच्या खुणा पुन्हा पुन्हा दिसल्या की चोरी उघडी पडते.

नेदरलँड्समध्ये साधी गॅरेजेसच तपासणी करतात. निकाल नोंदवला की काही गाड्या संगणक चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडतो. मग सरकारी तपासनीस येईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, आणि तो तीच गाडी पुन्हा तपासतो. ज्याच्या चुका जास्त, त्याच्याकडे फेऱ्या जास्त. कोणती गाडी निवडली जाईल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक गाडी नीट बघावी लागते.

सडाफटिंग
दोघेही मुळावर बोलत नाही आहात. अमेरिकी महामार्ग सुरक्षा संस्थेच्या 2015 च्या अहवालात 94 टक्के अपघातांत शेवटचं निर्णायक कारण चालकाकडे होतं, वाहनाकडे फक्त 2 टक्क्यांत. त्या 2 टक्क्यांसाठी प्रत्येकाचा अर्धा दिवस आणि पैसा का घालवायचा? तेच पैसे रस्त्यावरच्या पोलिसांवर खर्च करा.

मृण्मयी_
@सडाफटिंग, तोच अहवाल पुढे वाचा. वाहनाचे दोष मुख्यतः बाहेरून बघून ठरवलेत, म्हणून त्यात टायर, ब्रेक, स्टिअरिंग असलीच नावं दिसतात. ब्रेक उशिरा लागला आणि गाडी पुढच्यावर आदळली, की चालकाने वेळेत ब्रेक दाबला नाही अशी नोंद व्हायला कितीसा वेळ लागतो? शिवाय ज्यांच्या गाड्या आधीच तपासलेल्या होत्या त्यांचे न झालेले अपघात या आकड्यांत येणारच नाहीत.

चक्रधारी
@पाना_पक्कड, फेरतपासणीचं पटलं, पण त्याला सरकारी माणसं लागतात. पदं रिकामी राहिली की चिठ्ठी निघेल आणि यायला कोणी नसेल. दुरुस्तीवरची बंदी कागदावर लिहिली की निदान एक मोह तरी जातो, तिला रोज माणूस पाठवावा लागत नाही.

पाना_पक्कड
बंदीवर लक्ष ठेवायलाही माणूस लागतोच. भावाच्या नावावर शेजारी गॅरेज काढणं अवघड नाही. आणि ज्या गावाला दूरदूर एकच गॅरेज आहे तिथे बंदी म्हणजे तपासणीच बंद.

माझा जोर दुसऱ्या गोष्टीवर आहे: तपासनिसाचा स्वतःचा परवाना. केंद्राच्या परवान्यात तो नुसता नोकर असतो, मालक म्हणेल तिथे सही करतो. ब्रिटनमध्ये तपासनिसाला दरवर्षी प्रशिक्षण घेऊन चाचणी द्यावी लागते. ती नाही दिली तर त्याचा तपासण्याचा अधिकार स्थगित होतो. परवाना गेला की पोट जातं, हे माहीत असलेला माणूस मालकाला नाही म्हणू शकतो.

मृण्मयी_
नाही म्हणेल आणि संध्याकाळी कामावरून निघेल. परवाना त्याचा, पण पगार मालकाचा. खोट्या सहीसाठी दबाव आणला हे सिद्ध झालं तर आधी केंद्राचा परवाना जायला हवा, आणि तक्रार करणाऱ्या तपासनिसाला कामावरून काढता येणार नाही असं नियमातच लिहायला हवं. एवढं असेल तर मी गॅरेजमधल्या तपासणीला तयार आहे.

चक्रधारी
मी अजून तयार नाही. पण तपासनिसाला संरक्षण हवं, हे मला बंदीइतकंच महत्त्वाचं वाटतं.