मदत हवी आहे: घरच्या वायफायवरून एसएसएच सेशन सारखं तुटतंय

काळीखिडकी:
घरून डेटा सेंटरमधल्या उबंटू सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची कूटबद्ध जोडणी) काम करतो. टर्मिनलला पाच-दहा मिनिटं हात लावला नाही की ते गोठतं, थोड्या वेळाने 'ब्रोकन पाइप' येतं. शिवाय काम चालू असतानाही मोठी लॉग फाइल कॅट केली (स्क्रीनवर छापली) की मध्येच अडकतं. छोट्या कमांड नीट चालतात. ऑफिसच्या नेटवर्कवर दोन्ही होत नाही. घरी फायबरचा ओएनटी (कंपनीचा फायबर डबा), पुढे माझा राउटर, पीपीपीओई लॉगिन (इंटरनेट कंपनीचं युजरनेम-पासवर्डवालं) राउटरवर. लॅपटॉपवर लिनक्स. सुरुवात कुठून करू?

तारायंत्र:
हे दोन वेगळे आजार आहेत, एकत्र कालवू नका. गोठण्यामागे बहुतेक नॅट आहे (एकाच आयपीमागे घरातली सगळी उपकरणं चालवायची राउटरची सोय). राउटर प्रत्येक जोडणीची नोंद टेबलात ठेवतो. बराच वेळ काही गेलं-आलं नाही की नोंद पुसतो आणि दोन्ही टोकांना त्याचा पत्ता नसतो. जमलेली टीसीपी जोडणी (एसएसएच तिच्यावरच चालतं) किमान २ तास ४ मिनिटं लक्षात ठेवावी असं आरएफसी ५३८२ हा इंटरनेट-मानकाचा दस्तऐवज सांगतो, पण सगळी उपकरणं ते पाळत नाहीत. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात दिसला तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या नॅटमागे आहात. तिथला टाइमआउट तुमच्या हातात नाही.

लॅपटॉपवर होम डिरेक्टरीतल्या डॉट-एसएसएच फोल्डरमधली कॉन्फिग फाइल उघडा. त्या सर्व्हरच्या होस्ट नोंदीखाली सर्व्हर-अलाइव्ह-इंटर्व्हल ६० (शांतता असली तर दर ६० सेकंदांनी निरोप, म्हणजे नोंद पुसली जात नाही) आणि सर्व्हर-अलाइव्ह-काउंट-मॅक्स ५ (इतक्या निरोपांना उत्तर नाही आलं की जोडणी तोडायची) टाका (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत, नावात डॅश किंवा जागा न सोडता). इंटर्व्हल मुळात ० म्हणजे बंद असतो. सर्व्हरवर काही बदलायची गरज नाही.

गोठलेली खिडकी बंद करू नका. एंटर, मग टिल्ड, मग टिंब दाबा. सेशन तिथल्या तिथे सुटतं.

खटपट्या:
टीसीपी-कीप-अलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवायची टीसीपीची सोय) तर एसएसएचमध्ये आधीपासून 'यस' असतं. मग हे वेगळं कशाला?

तारायंत्र:
कारण लिनक्स कर्नल त्याचा पहिला प्रोब (चाचणीचं पॅकेट) ७२०० सेकंदांनी पाठवतो. तोवर राउटर सगळं विसरलेला असतो. सर्व्हर-अलाइव्हचा निरोप मात्र एसएसएच स्वतः, कूटबद्ध करून, तुम्ही ठरवाल तेव्हा पाठवतं.

आणि इंटर्व्हल ५, काउंट ३ असले आकडे टाकू नका. १५ सेकंद वायफाय गेलं की क्लायंट स्वतःच जोडणी तोडतो. एरवी टीसीपीने तेवढा खंड सहज निभावला असता. ६० आणि ५ म्हणजे साधारण पाच मिनिटांची सवलत.

सेशन जाताना 'ऑटो-लॉगआउट' असं दिसलं तर नेटवर्कला दोष देऊ नका. सर्व्हरवर बॅश शेलचा टीएमआउट (काही टाइप केलं नाही तर बाहेर काढायची वेळमर्यादा) लावलेला असतो. त्यावर कीप-अलाइव्हचा उपयोग नाही.

धागेदोरे:
लॉग अडकण्याचं प्रकरण एमटीयूचं (एका पॅकेटच्या कमाल आकाराचं) दिसतंय. पीपीपीओई ८ बाइट खातं, म्हणून १५०० चे १४९२ उरतात. छोटी पॅकेट जातात म्हणून लॉगिन होतं, पूर्ण भरलेलं पॅकेट सर्व्हरकडून आलं की अडतं. 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप सर्व्हरला मिळायला हवा. वाटेतल्या फायरवॉलने आयसीएमपी सरसकट बंद केलं असेल तर तो मिळत नाही आणि सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हापुन्हा पाठवत बसतो. आयसीएमपी बंद म्हणजे सुरक्षा, ही समजूत अशी महागात पडते.

तपासणी: पिंगला 'एम डू' (तुकडे करू नको) आणि 'एस १४७२' हे पर्याय (एम मोठा, एस छोटा, दोन्हींआधी डॅश) देऊन १.१.१.१ ला पाठवा. नाही गेलं तर १४६४. जो आकडा जातो त्यात २८ (हेडरचे बाइट) मिळवा, तो तुमचा एमटीयू.

काळीखिडकी:
१४७२ अडलं, १४६४ गेलं. गोठणं कीप-अलाइव्हने थांबलं.

धागेदोरे:
म्हणजे १४९२. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू १४९२ करा आणि 'एमएसएस क्लॅम्पिंग' (एका पॅकेटमधल्या टीसीपी डेटाची मर्यादा, म्हणजे एमएसएस, राउटरने कमी करणं) असेल तर चालू करा. क्लॅम्पिंगची सोय नसेल तर लॅपटॉपच्या वायफाय इंटरफेसचा एमटीयू १४०० ठेवून नवीन सेशन उघडून बघा. जुन्या सेशनवर फरक पडणार नाही, कारण एमएसएस जोडणी जुळतानाच ठरतो. लॅपटॉपवरचा हा बदल रीबूटनंतर जातो; काम झालं तर नेटवर्क मॅनेजरमध्ये कायम करा.

खटपट्या:
घरात दुसरा राउटर एक्स्टेंडर म्हणून लावलाय का? तो एपी मोडमध्ये (नुसतं वायफाय पुढे नेणारा) नसेल तर स्वतःचं डीएचसीपी (आयपी वाटायची सेवा) चालवतो. खोली बदलली की लॅपटॉपचा आयपी बदलतो आणि चालू टीसीपी जोडणी मरते. तिथे वरचे दोन्ही उपाय निकामी.

तारायंत्र:
तास-तास चालणारी कामं तरीही सर्व्हरवर टीमक्समध्येच (जोडणी तुटली तरी सेशन चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा: 'टीमक्स न्यू, ए, एस काम' (ए मोठा, एस छोटा, दोन्हींआधी डॅश). 'ए'मुळे त्या नावाचं सेशन आधीच असेल तर तेच परत उघडतं. आयपी सारखा बदलत असेल तर मॉश (आयपी बदलला तरी न तुटणारा, एसएसएचऐवजी वापरायचा प्रोग्राम) बरं. त्यासाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपी ६००००–६१००० उघडावं लागतं. मॉशमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग नाही आणि जुनं आउटपुट वर सरकवून वाचता येत नाही, म्हणून तुमच्यासारख्या लॉग वाचणाऱ्याने आत टीमक्स लावावंच.