शब्दचर्चा : 'रिप्रोड्यूसिबल' संशोधनाला मराठीत काय म्हणावं?

ग्रंथपाल, रत्नागिरी
पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 'रिप्रोड्यूसिबल रिसर्च'वर एक माहितीपत्रक करते आहे. 'पुनरुत्पादनक्षम संशोधन' असं लिहिलं, तर मत्स्यशास्त्राच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे प्रजननावर आहे का?" त्याचं काहीच चुकलं नाही. दुसरा शब्द सुचवा. 'रेप्लिकेबल'लाही हवा.

दापोली
'पुनरावृत्तीक्षम' चालेल का?

निवृत्त गणितशिक्षक, मालवण
पुनरावृत्तीत दोन्ही अर्थ एकत्र होतात, आणि फरक तर मोठा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या 2019 च्या अहवालात तो स्पष्ट केलाय : तीच आकडेवारी, तीच आकडेमोड, तेच उत्तर, हे रिप्रोड्यूसिबल. नव्याने आकडे गोळा करूनही निष्कर्ष जुळला, तर रेप्लिकेबल. पहिल्याला आपल्याकडे शाळेपासूनचा शब्द आहे, 'ताळा'. भागाकार झाला की आपण ताळा करून बघतो. दुसऱ्याला 'पडताळा' म्हणा; पडताळा येतो तो अनुभवातून, म्हणजे पुन्हा खाडीत उतरून, नव्याने नोंदी घेऊन.

ग्रंथपाल, रत्नागिरी
सर, 'ताळा' फार नेमका! हा शब्द मला का भिडला ते सांगते. मागच्या वर्षी एक मुलगी जुना प्रबंध घेऊन आली. खाडीच्या पाण्याची क्षारता, छान तक्ते, पण सगळ्या सरासऱ्या. मूळ नोंदींची एक्सेल फाइल कशीबशी मिळाली, तर तारखेच्या रकान्यात 4/7. चार जुलै की सात एप्रिल? एप्रिलात खाडी खारट असते, जुलैत पावसाने जवळजवळ गोड होते. भरतीची नोंद की ओहोटीची, उधाणाची मोठी भरती की भांगाची लहान, तेही कुठे नाही. मुलगी दोन दिवस त्या फाइलशी झटली आणि शेवटी तिने तो प्रबंध बाजूला ठेवला. कष्टाने घेतलेल्या नोंदी अशा वाया गेलेल्या बघवत नाहीत.

म्हणून आता प्रबंधाबरोबर मूळ नोंदी, आकडेमोडीची फाइल आणि एक 'आधी हे वाचा' असं पान मागायचं ठरवलंय. त्या पानावर रकान्यांचे अर्थ, एककं, तारीख लिहायची पद्धत. झेनोडोसारख्या ऑनलाइन संशोधन-भांडारात हे विनामूल्य ठेवता येतं, डीओआय म्हणजे कायमचा ओळख-क्रमांकही मिळतो. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, असला तरी पीडीएफमधल्या तक्त्यावरून ताळा करणं कठीणच. हे काम ग्रंथालयाचंच आहे. विद्यार्थी दोन वर्षांत जातो, नोंदवही सांभाळायला आपण उरतो.

दापोली
मग विशेषण 'ताळा जुळणारं संशोधन' का?

ग्रंथपाल, रत्नागिरी
नको. जुळेल की नाही ते आधी कोण सांगणार? ग्रंथालयाच्या हातात तेवढं नाही. 'ताळा करता येण्याजोगं संशोधन' लिहिते. लांब आहे, पण मुलांना पहिल्या वाचनात कळेल.