मदत हवी आहे: इंग्रजी जोडशब्दांचे सिलेबल (उच्चाराचे तुकडे) पाडताना रेघ कुठे मारायची?

लेक चौथीत आहे, सेमी इंग्लिश. वर्कशीटवर जोडशब्दांचे सिलेबल पाडायला दिलेत. सनसेट, फुटबॉल, रेनबो पटापट झाले, पुढे गाडी अडली. होमवर्कचे ती हो-मे-वर्क असे तीन तुकडे करते. स्पेलिंगमध्ये ई आहे तर म्हणायचा नाही का, हा तिचा सवाल. न्यूजपेपरचे दोनच सिलेबल असं उत्तरांत छापलंय, ते मला पटत नाही. कपबोर्डला तर सगळे कबर्ड म्हणतात, मग तोडायचं कुठे? पॉटहोलमधले टी-एच फोडायचे की एकत्र ठेवायचे? शाळेत विचारलं तर म्हणे टाळ्या वाजवून मोजा. टाळ्यांनी आकडा कळतो हो, रेघ कुठे मारायची ते नाही कळत! इंग्रजी शिकवणारं कोणी असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
ताई, आधी जोड शोधा. पहिली रेघ तिथेच, मग प्रत्येक तुकडा वेगळा बघायचा. न्यूज एक, पे-पर दोन, झाले तीन. वर्कशीट चुकलंय. ग्रासहॉपरमध्ये ग्रासनंतर पहिली रेघ, दुसरी हॉपरच्या दोन पींच्या मधे. पॉटहोलचा टी पॉटचा आणि एच होलचा, म्हणून खुशाल फोडा. अपहिलमधले पी-एच पण तसेच, तिथे फ होतच नाही. फादरमधला टी-एच मात्र एकाच आवाजाचा, त्याला हात लावायचा नाही.
होममधला ई मुका आहे. सिलेबल म्हणून मोजू नका, पण लिहिताना होमलाच चिकटवून ठेवा. समथिंगमध्येही तेच.

प्रतिसाद २
कपबोर्ड लिहिताना कप आणि बोर्ड असाच तुटतो. बोलताना पी गडप होतो, तरी सिलेबल दोनच राहतात. आणि एक, देवनागरीत लिहून मोजायला जाऊ नका. बटरफ्लायची अक्षरं पाच भरतात, सिलेबल मात्र तीन: बट, टर, फ्लाय. आमच्या क्लासला निम्मी पोरं इथेच घसरतात.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! पॉटहोल सुटला, लेक खूश. आता तिनेच बुककीपर शोधून आणलाय. दोन केंच्या मधे रेघ कळली, पण पुढच्या दोन ईंचं काय?

प्रतिसाद १
दोन ई मिळून एकच स्वर, ते फोडायचे नाहीत. बुक, कीप, अर. तीन.