मुंबईत २२ डिसेंबरनंतरही सूर्योदय उशिराच का होत जातो?

पहाटफेरी

दादरला मोकळ्या मैदानावर सकाळचा व्यायामवर्ग आहे. दिवे पुरेसे नाहीत, त्यामुळे उजाडल्याशिवाय सुरू करता येत नाही. वर्षभराचं वेळापत्रक एकदाच ठरवून फलकावर लावायचं आहे. दिनदर्शिकेतल्या सूर्योदयाच्या वेळा उतरवून काढल्या, तर तीन गोष्टींचा मेळ लागेना.

१) सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. मग त्यानंतर सूर्योदय लवकर व्हायला हवा. प्रत्यक्षात २२ डिसेंबरला ७:०८ आणि संक्रांतीला ७:१४. म्हणजे आणखी उशिरा!

२) गणपती ते दिवाळी या काळात संध्याकाळ झपाट्याने आखडते, पण सकाळ जवळपास जागच्या जागी. हे कसं?

३) दोन ठिकाणच्या वेळांत तीन-चार मिनिटांचा फरक दिसतो. कुठली धरायची?

आणि उजाडतं म्हणजे सूर्योदयाच्या नेमकं किती आधी?

शंकूछाया

पहिले दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. आपण समजतो की दिवस लहान-मोठा होतो तो दोन्ही टोकांनी सारखा. तसा तो होतो, पण घड्याळातल्या बारा वाजल्याभोवती नाही, तर खऱ्या मध्यान्हाभोवती. आणि मध्यान्ह स्वतःच वर्षभर मागेपुढे सरकत असतं.

आधी मुंबईचं सरासरी मध्यान्ह काढू. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. दादरचा रेखांश ७२.८४. फरक ९.६६ अंश. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणजे ३८.६ मिनिटं. तेव्हा मुंबईत सूर्य सरासरी १२:३९ ला मध्यावर येतो. (जुनी ‘मुंबई वेळ’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती ती याच कारणाने. प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, तरी मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत पाळली जात होती.)

आता सरकणं. पृथ्वीचा आस २३.४४ अंशांनी कललेला आहे आणि कक्षा पूर्ण वर्तुळ नाही. या दोन्हींमुळे एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत रोज बरोबर २४ तास भरत नाहीत. डिसेंबरअखेरीस साधारण ३० सेकंद जास्त लागतात, कारण पृथ्वी तेव्हा सूर्याच्या सर्वांत जवळ येत असते, वेगाने पळत असते, शिवाय अयनदिनाच्या (२१-२२ डिसेंबर, सर्वांत लहान दिवस) सुमारास कललेल्या आसाचाही परिणाम त्याच दिशेने होतो. रोजचे तीस सेकंद साठत जातात आणि ११ फेब्रुवारीच्या आसपास मुंबईचं मध्यान्ह १२:५३ वर जातं. उलट ३ नोव्हेंबरच्या आसपास ते १२:२२ वर आलेलं असतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अर्ध्या तासाचा फरक!

आता डिसेंबर बघा. २२ तारखेनंतर दिवस मोठा होतोय, पण अगदी तिळातिळाने. अर्धा दिवस, म्हणजे सूर्योदय ते मध्यान्ह, सुरुवातीला रोज जेमतेम एक-दोन सेकंदांनी वाढतो. मध्यान्ह मात्र रोज तीस सेकंद पुढे जातंय. मग सूर्योदय उशिरा होणारच, आणि सूर्यास्तही. जानेवारीच्या मध्याला अर्ध्या दिवसाची रोजची वाढ वीसेक सेकंदांवर येते, तेवढ्यावरच मध्यान्हाचं सरकणं उतरतं, आणि सूर्योदयाचं लांबणं थांबतं. म्हणून मुंबईचा सर्वांत उशिराचा सूर्योदय १४ ते २० जानेवारीच्या दरम्यान, ७:१४-७:१५ ला. सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या ठोक्याला.

उन्हाळ्यातही हेच, फक्त सौम्य. सर्वांत लवकरचा सूर्योदय जूनच्या पहिल्या आठवड्यात ६:०१ ला, सर्वांत उशिराचा सूर्यास्त जुलैच्या पहिल्या आठवड्यात ७:२० ला. सर्वांत मोठा दिवस २१ जूनचाच: ६:०२ ते ७:१८, म्हणजे १३ तास १६ मिनिटं. २२ डिसेंबरचा १० तास ५९ मिनिटं.

गणपती-दिवाळीचं गणितही यातच आहे. १ ऑगस्ट ते १ नोव्हेंबर घ्या. सूर्योदय ६:१५ वरून ६:३९, म्हणजे २४ मिनिटं. सूर्यास्त ७:१४ वरून ६:०६, म्हणजे ६८ मिनिटं! दिवस दोन्ही टोकांनी ४६-४६ मिनिटं आखडला, पण त्याच काळात मध्यान्ह १२:४५ वरून १२:२२ वर आलं. सकाळचं आखडणं त्यात जवळपास निम्मं पुसलं गेलं आणि संध्याकाळी तेवढंच वाढलं.

कोकणकडा

संक्रांतीपासून दिवस मोठा होतो असं आपण लहानपणापासून ऐकतो. मग ते चूक का?

शंकूछाया

चूक नाही, पण सुरुवात संक्रांतीला होत नाही. आपली मकरसंक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजली जाते. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो (परांचन), त्यामुळे ताऱ्यांची मकर रास आणि प्रत्यक्ष अयनदिन यांत आज साधारण २४ अंशांचं, म्हणजे २४ दिवसांचं अंतर पडलं आहे. संक्रांतीला मुंबईचा दिवस ११ तास ६ मिनिटांचा असतो, म्हणजे सात मिनिटं आधीच वाढलेली असतात. गंमत अशी, की मुंबईत सकाळी लवकर उजाडायला लागतं ते मात्र खरोखर संक्रांत उलटल्यावरच.

वऱ्हाडवारा

मुंबई पश्चिमेला म्हणून तिथला दिवस मोठा, असं बऱ्याच जणांना वाटतं. रेखांशाने दिवसाची लांबी बदलत नाही, फक्त तो घड्याळावर पुढे-मागे सरकतो. लांबी ठरते अक्षांशावर. २१ जूनचे आकडे: कन्याकुमारी १२ तास ३६ मिनिटं, मुंबई १३:१६, दिल्ली १३:५८, श्रीनगर १४:२६. डिसेंबरात उलट: कन्याकुमारी ११:३९, दिल्ली १०:१९.

दोन्ही एकत्र आले की काय होतं त्याचं उदाहरण मुंबई-नागपूर. रेखांशावरून हिशेब केला तर नागपूर २५ मिनिटं पुढे. पण वर्षभर २५ वजा करत बसलात तर चुकाल.

२१ जून: नागपूर ५:३३ ते ६:५८, मुंबई ६:०२ ते ७:१८. सकाळी २९ मिनिटांचं अंतर, संध्याकाळी २०.
२२ डिसेंबर: नागपूर ६:४७ ते ५:३७, मुंबई ७:०८ ते ६:०७. सकाळी २१, संध्याकाळी ३०.

नागपूर दोन अंशांनी उत्तरेला आहे, एवढ्यानेच हा फरक. कोलकात्याला डिसेंबरात सूर्य ४:५७ ला मावळतो आणि घड्याळ आपलंच, हे ध्यानात ठेवा. मुंबईच्या आत मात्र काळजी नको. कुलाबा ते कल्याण जेमतेम सव्वा मिनिट. पुणं चार मिनिटं पुढे.

क्षितिजरेषा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण गडबड इथेच होते.

सूर्योदय म्हणजे काय, याच्या दोन व्याख्या चालतात. वेधशाळेच्या पद्धतीत सूर्यबिंबाची वरची कड क्षितिजावर दिसली की सूर्योदय. त्यात हवेचं वक्रीभवन ३४ कला आणि बिंबाची त्रिज्या १६ कला, मिळून ५० कला धरतात (६० कला म्हणजे एक अंश, तेव्हा ५० कला म्हणजे ०.८३३ अंश). काही पंचांगांत बिंबाचा मध्य धरतात आणि वक्रीभवन सोडून देतात. मुंबईच्या अक्षांशावर ५० कला म्हणजे साडेतीन मिनिटं. तुमचा तीन-चार मिनिटांचा फरक बहुधा हाच. व्यायामाला वरच्या कडेची वेळ घ्या, धार्मिक कामाला घरात जे पंचांग चालतं ते.

याच ५० कलांमुळे २१ मार्चला दिवस-रात्र समान नसतात. त्या दिवशी मुंबईत दिवस १२ तास ७ मिनिटांचा असतो. बरोबर बारा तासांचा दिवस आठवडाभर आधीच, १३-१४ मार्चला येऊन जातो.

स्वतः काढायचं असेल तर, दादर, १ मे:

मध्यान्ह: १२:०० + ३८.६ मिनिटं. त्या दिवशीचं कालसमीकरण (सरासरी आणि खऱ्या मध्यान्हातला फरक) २.९ मिनिटं, ते वजा. १२:३५.७.
सूर्याची क्रांती (तो विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे तो कोन) १५ अंश, अक्षांश १९.०२.
अर्ध्या दिवसाच्या कोनाची कोसाइन = (साइन −०.८३३° − साइन अक्षांश × साइन क्रांती) ÷ (कोसाइन अक्षांश × कोसाइन क्रांती). उत्तर −०.१०८, कोन ९६.२ अंश.
१५ ने भागा: ६ तास २५ मिनिटं.
सूर्योदय ६:११, सूर्यास्त ७:०१.

चुका दोन ठिकाणी होतात. कालसमीकरणाचं चिन्ह उलटं लागतं, किंवा कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर असतो. चिन्ह तपासायला सोपी खूण: नोव्हेंबरात मध्यान्ह १२:२२ यायला हवं. १२:५५ आलं तर चिन्ह उलटं लागलंय.

प्रत्यक्ष पडताळा घ्यायचा तर १५-१६ मेला शून्य सावली दिवस असतो. सरळ उभ्या नळकांड्याची सावली १२:३५ ला नाहीशी होते. दुसरा दिवस २७-२८ जुलै, १२:४५ ला, पण तेव्हा ढग फारसे दाद देत नाहीत. या दोन तारखांच्या मध्ये दुपारचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो.

एक आणखी. या सगळ्या वेळा सपाट क्षितिजाच्या. विसाव्या मजल्यावरून, म्हणजे साठेक मीटरवरून, समुद्रात मावळणारा सूर्य खालच्यापेक्षा साधारण एक मिनिट जास्त दिसतो. उलट पूर्वेला १०० मीटरवर ६० मीटर उंच इमारत असेल, तर मार्चमध्ये पहिलं ऊन सूर्योदयानंतर दोन तास दहा मिनिटांनी पोचतं. आणि सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. चर्चगेटसमोर मरीन ड्राइव्हवर उभं राहिलं तर जूनमध्ये तो मलबार हिलच्या आड जातो, डिसेंबरात उघड्या समुद्रात. क्षितिजावर जवळपास ५० अंशांचा झोका आहे हा.

पहाटफेरी

फार उपयोगी पडलं, आभार. उजाडण्याचं तेवढं राहिलं.

शंकूछाया

सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर आला की माणसाचा चेहरा ओळखू येतो, जमिनीवरचा खड्डा दिसतो. मुंबईत तिथून सूर्योदयाला २२ ते २४ मिनिटं लागतात. उत्तरेकडे हा काळ लांबतो, कारण सूर्य तिरका वर येतो. आपल्याकडे तो बऱ्यापैकी उभा चढतो, म्हणून झुंजुमुंजु चटकन संपतं.

त्यावरून तीन वेळा पुरतील:
१५ एप्रिल ते ३१ ऑगस्ट: ६:००
१ सप्टेंबर ते १४ नोव्हेंबर, आणि १० मार्च ते १४ एप्रिल: ६:३०
१५ नोव्हेंबर ते ९ मार्च: ६:५५

शेवटची सर्वांत कडक आहे. जानेवारीच्या मध्याला उजाडतंच ६:५१ ला. २२ डिसेंबर उलटला म्हणून जानेवारीत वेळ अलीकडे आणू नका. वर्ग अंधारात सुरू होतात ते इथेच.

क्षितिजरेषा

वेळा बरोबर आहेत, एक दुरुस्ती. ऑगस्टअखेर ६:०० म्हणजे अगदी काठावर, आणि ते ढगांचे दिवस. जुलैत सूर्योदय ६:०९ च्या आसपास असल्याने थोडी सवड असते, ऑगस्टात ती उरत नाही. १ ऑगस्टपासूनच ६:१५ करा. आणि कट्ट्याकडेला झाडांखाली जमत असाल तर पहिली दहा मिनिटं मैदानाच्या मध्यावर घ्या. पानांखाली उशिरा उजाडतं.