पासबुक घेऊन दारोदार: वस्तीत, गटात काम केलेल्यांनो, अनुभव लिहा

सकाळी बँकेचा मेसेज आला, ४३६ रुपये वजा. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. वाचलं आणि हातातलं काम तसंच राहिलं.

२०१९ ची गोष्ट. आम्ही चौघी मैत्रिणी सोसायटीमागच्या वस्तीत मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरोघर फिरायचो. २५ ते ३१ मे या दिवसांत हप्ता आपोआप कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढे पैसे आहेत ना, एवढंच बघायचं. त्या वेळी जीवनज्योतीचे ३३० आणि सुरक्षा विम्याचे (तो अपघाताचा) १२ होते (२०२२ पासून ४३६ आणि २०). पैसे नसले की हप्ता कापला जात नाही आणि विमा गपचूप बंद पडतो. सांगायला कुणी येत नाही.

रंगकाम करणारे एक काका होते. पासबुकात २८७ रुपये. म्हटलं, काका, पन्नास रुपये टाका. "शनिवारी पगार झाला की टाकतो." शनिवार नेमका १ जूनला आला. ऑगस्टमध्ये काका काविळीने गेले. दोन लाखांचा विमा ४३ रुपयांनी हुकला. त्या दिवशी माझ्या पर्समध्ये पन्नासची नोट होती.

त्याच गल्लीतल्या एका मावशींच्या नवऱ्याचा हप्ता कापला गेला होता, त्यांना नवऱ्यामागे पैसे मिळाले. पण मृत्यूच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. बँकेतून तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा मी सोबत गेले, फॉर्म तिथेच उभ्याने भरला. पैसे आले त्या दिवशी मावशींनी सावकाराकडचे लेकीच्या कानातले सोडवले.

तुमचेही अनुभव लिहा. लहानसे असले तरी चालतील.

चिमणपाखरू
२८७ वाचून पोटात तुटलं गं.

रेवा_म
आमच्या बचत गटात सगळ्यात मोठी लढाई 'शेकडा दोन'ची. बायका म्हणायच्या, बँक बारा टक्के घेते, गट दोनच, म्हणजे गट स्वस्त. बँकेचे बारा वर्षाचे आणि आपले दोन महिन्याचे, दोन बारे चोवीस, हे फळ्यावर मांडलं तेव्हा एकदम शांतता. मग एक आजी म्हणाल्या, "पण ते चोवीस जातात कुठं? आपल्याच पेटीत ना? सावकाराला शेकडा दहा दिले ते कधी माघारी आले?" त्यानंतर मला वेगळं काही समजवावं लागलं नाही.
अजून एक. हिशेब बैठकीतच, सगळ्यांसमोर लिहायचा. वही घरी नेऊन लिहिली की भांडण ठरलेलं. बचत गटाच्या पाच नियमांतलं, पंचसूत्रीतलं, हे पाचवं सूत्र लोक सगळ्यात आधी सोडतात.

जुना_गिरणगावकर
माझी आजी लालबागला खाणावळ चालवायची, गिरणीतले पंधरा-वीस डबे. किराणा उधारीवर, उधारी फेडायला पुन्हा व्याजाने पैसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि खाणावळवाल्या बायका बँकेत कर्ज मागायला जाऊ लागल्या. आजी त्यातलीच. बँकेच्या दारात चप्पल काढून आत गेली होती, असं आई सांगते. तिची स्टीलची वाटी अजून माझ्याकडे आहे, तीत सुटे पैसे ठेवायची. विषय भरकटला, पण आठवण आली.

मीनल७
भरकटू द्या काका, छान लिहिलंय. तो मसाल्याचा डबाही तिचाच का, मागे फोटो टाकला होतात?

जुना_गिरणगावकर
हो, तोच!

माणदेशी_पोर
खाणावळवाल्यांवरून आठवलं. आमच्याकडे म्हसवडला महिलांची बँक १९९७ ला सुरू झाली. आधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण अर्जावर बायकांचे अंगठे. बायका अक्षरं शिकल्या आणि बँक काढणाऱ्या चेतनाताई सिन्हांबरोबर पुन्हा गेल्या. व्याजाचं तोंडी गणित घालून बघा, म्हणाल्या. गावात हे अजून अभिमानाने सांगतात. मोबाइलवरून लिहितोय, रेंज जातेय.

अनघा_पी
मध्येच विचारते, आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं जनधन खातं बंद दाखवतंय. चारेक वर्षं व्यवहार नाही. पैसे गेले का?

खातेवही
@अनघा_पी, नाही गेले. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. ताईंना आधार आणि फोटो घेऊन शाखेत जायला सांगा, पुन्हा केवायसी होईल. सुरू करायला शुल्क नाही, कुणी मागितलं तर लेखी मागा. दहा वर्षं उलटली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते, तरी दावा करता येतो. जमलं तर तुम्ही सोबत जा. एकट्या गेल्या की "उद्या या" ऐकून परततात.

अनघा_पी
सोमवारी अर्धी रजा टाकते. धन्यवाद!

दुपारची_शिफ्ट
मी पलीकडच्या बाजूचा आहे. आई भाजीची गाडी लावते. लॉकडाऊननंतर माल भरायला पैसे नव्हते. रविवारी वस्तीत येणाऱ्या एका दादाने स्वनिधीचा, म्हणजे फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेचा, अर्ज भरून दिला. दहा हजार. दादाने आईला मोबाइलमध्ये हप्त्याच्या आदल्या दिवशीचा गजर लावून दिला. तो गजर अजून वाजतो, कर्ज केव्हाच फिटलं. आई बंद करू देत नाही, म्हणते त्या दिवशी शंभर बाजूला टाकायचे.
तुम्ही लोक विसरत असाल, आम्ही विसरत नाही.

चिमणपाखरू
दादा, आईला नमस्कार सांगा. कुकर लावलाय, रात्री येऊन सविस्तर लिहिते.

रेवा_म
गजराची कल्पना आमच्या गटात उद्याच सांगते. धागाकर्ती ताई, रंगकामवाल्या काकांच्या घरी नंतर गेलात का?

धागाकर्ती
गेले. काकूंनी चहा दिला, विम्याचं दोघीही बोललो नाही. मुलगा नववीत होता. पुढे त्याचे शिष्यवृत्तीचे अर्ज मीच भरत गेले, आता तो स्वतः भरतो, गल्लीतल्या इतरांचेही. मेमध्ये माझी फेरी काकूंच्या दारापासून सुरू होते. यंदा गेले तेव्हा त्या पासबुक हातात घेऊन उंबऱ्यातच उभ्या होत्या.